जुन्नरच्या पोढ्या आणि ग्रीक-रोमन इतिहासाचा कोर्स

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या वाचकपत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं होतं की हल्ली रिटायर झालेली माणसं घरात बसून परदेशी युनिव्हर्सिट्यांचे ऑनलाइन कोर्स करतात, कुणी ग्रीकांचा इतिहास शिकतं कुणी रोमन लोकांचा, अहो आधी आपला इतिहास धड शिका की, परक्यांच्या घरात कशाला डोकावता. पत्र दोनदा वाचलं. त्यात वर्णन केलेला माणूस म्हणजे तंतोतंत मीच आहे, म्हणून उत्तर लिहायला बसलोय. थोडं लांबेल, काटछाट करावी लागली तर करा, फक्त जुन्नरचा भाग तेवढा राहू द्या अशी विनंती.

मी पाणीपुरवठ्यातला माणूस. सिव्हिलचा डिप्लोमा करून एका नगरपालिकेत ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागलो आणि एकतीस वर्षं पाइपलाइन, व्हॉल्व्ह, गळती, टाक्या आणि लोकांच्या तक्रारी यातच गेली. रिटायर झाल्यावर पुण्यात मुलाकडे आलो, सिंहगड रोडला राहतो. शाळा तालुक्याची, मराठी मीडियम. ग्रीस आणि रोम म्हणजे शाळेच्या पुस्तकातली दीड-दोन पानं, अलेक्झांडर आला, पोरस लढला, तो परत गेला, इतपतच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बाहेर पडणं बंद, पर्वतीवर सकाळी चढायचो तेही बंद, तेव्हा सूनबाईंनी लॅपटॉपवर येल युनिव्हर्सिटीचा एक कोर्स लावून दिला. प्रोफेसर डोनाल्ड केगन यांचा प्राचीन ग्रीक इतिहासाचा, २४ लेक्चर, २००७ साली वर्गात शिकवताना शूट केलेली, आणि सगळं फुकट. केगन सर तेव्हा पंच्याहत्तर वर्षांचे होते आणि तरी तासभर उभं राहून असे शिकवायचे की मी खुर्चीत पाठ ताठ करून बसायचो.

इंग्रजीचं म्हणाल तर पहिला महिना फार जड गेला. सबटायटल लावायचे, स्पीड कमी करायचा, दर दोन मिनिटांनी थांबवायचं, शब्द डिक्शनरीत बघायचा, वहीत मराठीत लिहून काढायचं, असं करत सव्वा तासाचं एक लेक्चर मला तीन-साडेतीन तास पुरायचं. दोनशे पानी अकरा वह्या भरल्यात. लढायांची लेक्चरं मी एकदाच ऐकली, पण जिथे जिथे माणसं एकत्र कशी राहायची, कारभार कसा करायचे, पाणी कुठून आणायचे हे आलं ते चार-चारदा ऐकलं.

तेव्हा बाहेर कोरोना चालू होता आणि कोर्समध्ये अथेन्सची साथ आली. इसवी सनापूर्वी ४३०, स्पार्टा या दुसऱ्या ग्रीक शहराशी युद्ध सुरू होऊन एक वर्ष झालेलं, अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याने आसपासच्या खेड्यांतली सगळी माणसं शहराच्या तटबंदीच्या आत आणून ठेवलेली, उन्हाळ्यात खोपटांमध्ये दाटीवाटीने राहणारी, आणि त्यात साथ शिरली. थ्युसिडिडीस नावाच्या इतिहासकाराने ती लिहून ठेवलीय आणि त्याला स्वतःला तो आजार होऊन गेला होता. तो लिहितो की डॉक्टर सगळ्यात आधी मेले कारण तेच आजाऱ्यांच्या जवळ जायचे, आणि जे बरे झाले त्यांनीच पुढे बाकीच्यांची सेवा केली कारण त्यांना पुन्हा तो आजार जीवघेणा होत नव्हता. आणखी एक गोष्ट लिहितो, साथ आधी पिरेयस बंदरात आली आणि लोक म्हणायला लागले की शत्रूने आमच्या पाण्याच्या टाक्यांत विष कालवलं. हे वाचून मी वही बाजूला ठेवून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. माझ्या नोकरीत कावीळ, गॅस्ट्रोची साथ आली की दुसऱ्या दिवशी पहिली अफवा हीच असायची, टाकीत कुणीतरी काहीतरी टाकलंय, आणि मी नमुन्याच्या बाटल्या घेऊन गल्लोगल्ली फिरायचो. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या बंदरातल्या टाक्यांवर कुणीतरी माझ्यासारखाच माणूस असेल ना, त्याला काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल. आणि आपलं पुणं तरी काय वेगळं, १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई आजाऱ्यांची सेवा करता करताच गेल्या, १० मार्चला. अथेन्सची साथ ज्याने वाचलीय त्याला पुण्याची साथ जास्त कळते, कमी नाही कळत, हे माझं त्या गृहस्थांना पहिलं उत्तर.

अथेन्सच्या लोकशाहीबद्दल सगळेच बोलतात त्यामुळे मी फार बोलत नाही. बायकांना मत नाही, गुलामांना नाही, बाहेरून येऊन राहिलेल्यांना नाही, हे केगन सरही सांगतात. पण एक बारीक गोष्ट मला ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या अथेन्सच्या कारभाराच्या माहितीत सापडली. तिथे बहुतेक सगळे अधिकारी चिठ्ठ्या टाकून निवडायचे, आज तू उद्या मी, कारण कुणीही सामान्य नागरिक कारभार करू शकतो असं ते मानायचे. मात्र काही मोजकी पदं चिठ्ठीवर सोडत नव्हते, हात वर करून मतदानाने निवडायचे, त्यात लष्कराच्या पैशाचा खजिनदार होता आणि गावच्या पाण्याच्या झऱ्यांवर देखरेख करणारा अधिकारी होता. म्हणजे न्यायाधीश चिठ्ठीने चालेल पण पाणी बघणारा माणूस जाणकारच पाहिजे! हे मी माझ्या खात्यातल्या तीन जुन्या सहकाऱ्यांना फोन करून सांगितलं.

आणि थेमिस्टोक्लीस. सलामिसच्या समुद्रात इसवी सनापूर्वी ४८० मध्ये इराणच्या बादशहाचं आरमार ज्याच्या डोक्याने हरवलं तो. प्लुटार्क नावाचा ग्रीक चरित्रकार सांगतो की हा माणूस आधी अथेन्सचा पाणी अधिकारी होता, सरकारी पाणी चोरून आपल्याकडे वळवणाऱ्यांना त्याने पकडलं, दंड केला, आणि त्या दंडाच्या पैशातून पाणी भरणाऱ्या एका मुलीचा ब्राँझचा पुतळा करून देवाला वाहिला, दोन हात उंच. पुढे त्याच अथेन्सने त्याला हद्दपार केलं, तो इराणच्याच राज्यात आश्रयाला गेला, आणि तिथे सार्डिस शहरातल्या देवळात त्याला तो पुतळा दिसला, लुटून नेलेला. त्याने तो परत मागायचा प्रयत्न केला म्हणतात. आरमाराचा विजय वगैरे ठीक आहे, पण परक्या गावात त्या पाणी भरणाऱ्या पोरीसमोर उभा राहिलेला थेमिस्टोक्लीस मला विसरता येत नाही.

ग्रीकांचा कोर्स संपल्यावर येलचाच रोमन आर्किटेक्चरचा कोर्स घेतला, डायना क्लायनर मॅडमचा. (पुढच्या वर्षी, २०२१ च्या ऑगस्टमध्ये केगन सर गेल्याची बातमी वाचली, घरातलं वडीलधारं माणूस गेल्यासारखं वाटलं.) रोमचं पाणी बघायला मी त्या कोर्समध्ये शिरलो आणि अजून बाहेर आलेलो नाही. आपण फोटोत त्या उंच कमानी बघतो आणि वाटतं रोमन पाणी म्हणजे कमानी, पण अॅक्वा मार्सिया नावाची लाइन सुमारे ९१ किलोमीटर लांब होती आणि त्यातली ८० किलोमीटर जमिनीखालून होती. दक्षिण फ्रान्समध्ये नीम शहराला पाणी नेणारी लाइन जवळपास ५० किलोमीटरची आणि तेवढ्या अंतरात एकूण उतार जेमतेम साडेबारा मीटर. पंप नाही, वीज नाही, सगळं ग्रॅव्हिटीवर. ज्याने डंपी लेव्हल, म्हणजे चढउतार मोजायचं यंत्र, खांद्यावर घेऊन रानात लाइन आखलीय त्यालाच कळेल हे काय आहे ते. आणि त्याच्याही आधी ग्रीकांच्या सामोस बेटावर युपॅलिनोस नावाच्या इंजिनिअरने डोंगर दोन्ही बाजूंनी खणत आणून मध्ये भेटवला, १०३६ मीटरचा पाण्याचा बोगदा, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात. मध्ये थोडासा वाकलाय, पण भेटलाय.

आता फ्रंटिनस. हे नाव आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. इसवी सन ९७ मध्ये सम्राट नेर्व्हाने त्याला रोमचा पाणी आयुक्त नेमलं. आधी ब्रिटनचा गव्हर्नर राहिलेला, सेनापती असलेला मोठा माणूस, पण तो म्हणाला की आपल्या खात्याचं काम आपल्याला समजत नसेल आणि हाताखालचे सांगतील तसं वागावं लागत असेल तर त्यापेक्षा लाजिरवाणं काही नाही, म्हणून आधी स्वतः सगळं शिकून घेतलं आणि लिहून ठेवलं. ते लिखाण आज आहे, इंग्रजी भाषांतर नेटवर फुकट मिळतं. तेव्हा रोमला नऊ लाइन येत होत्या. कुठली कुठून निघते, किती लांब, किती जमिनीखाली, किती कमानींवर, पाणी चांगलं की गढूळ, सगळं. मग त्याने खात्याचं रजिस्टर तपासलं तर त्यात शहराकडे आलेलं पाणी १२,७५५ माप आणि वाटलेलं १४,०१८ माप! आलं त्याच्यापेक्षा जास्त वाटलं कसं? म्हणून तो स्वतः लाइनच्या तोंडाशी जाऊन मोजायला लागला तर रजिस्टरपेक्षा जवळजवळ दहा हजार माप पाणी जास्त येत होतं. म्हणजे ते मधल्या मध्ये जात होतं. आमच्यात याला हिशेबात न आलेलं पाणी म्हणतात आणि त्यावर दर वर्षी बैठका होतात.

चोरी कशी व्हायची तेही त्याने लिहिलंय आणि ते वाचताना मी हसलो नाही, मला अंगावर काटा आला, कारण पद्धत तीच. घरगुती कनेक्शन देताना आपण मेन लाइनवर फेरूल बसवतो, त्याच्या मापावर घरात किती पाणी जाणार ते ठरतं. रोममध्ये ब्राँझची तोटी बसवायचे, कॅलिक्स म्हणायचे तिला, किमान बारा बोटं लांब, ब्राँझ अशासाठी की शिशासारखं सहज वाकवून मोठं करता येऊ नये, आणि त्यावर सरकारी शिक्का. तर पाणीवाले काय करायचे, मंजुरीपेक्षा मोठ्या मापाची तोटी बसवायचे, काहींवर शिक्काच नाही, काही मुद्दाम खालच्या लेव्हलला बसवायचे म्हणजे जास्त ओढून घेते, आणि मालक बदलला की नवीन भोक पाडून जुनं तसंच ठेवायचे आणि त्यातलं पाणी विकायचे. रस्त्याखालून तर चोरून भोकं पाडलेल्या लाइनी इतक्या होत्या की त्या उखडल्यावर किती शिसं निघालं त्याचाच त्याने उल्लेख केलाय. लाइनच्या कमानी आणि भिंतींच्या दोन्ही बाजूला पंधरा फूट जागा मोकळी ठेवायची, झाडं लावायची नाहीत, बांधकाम करायचं नाही, मुळ्या आत घुसतात, मोडलं तर दहा हजार सेस्टर्स (रोमन नाणी) दंड, असा ठरावही त्याने उतरवून घेतलाय. मी नोकरीत असताना पाइपलाइनवर बांधलेल्या खोल्यांच्या किती नोटिसा काढल्या असतील आणि त्याचं काय झालं ते इथे लिहीत नाही.

एक गोष्ट मात्र मला फ्रंटिनसची आवडली नाही. त्याच्या खात्यात सातशे माणसं होती, २४० सरकारी आणि ४६० सम्राटाच्या मालकीची, त्यात टाकी सांभाळणारे, लाइनवर फिरून बघणारे, फरशी बसवणारे, गिलावा करणारे, म्हणजे आमचे व्हॉल्व्हमन, फिटर, गवंडीच सगळे, आणि ही सगळी गुलाम माणसं. कामांची नावं त्याने दिलीत, माणसाचं नाव एकाचंही दिलेलं नाही. माझ्याकडचा व्हॉल्व्हमन पहाटे तीनला उठून चावी सोडायचा, तीस वर्षं, त्याचं नाव गावात पोराटोरांना माहीत होतं. रोमचं कौतुक करताना ही बाजू सोडून चालणार नाही, आणि शिकवणाऱ्यांनीही सोडू नये.

हे सगळं ऐकून एक दिवस सौ. म्हणाली, तुमचं ते रोमचं पाणी झालं, कात्रजचं बघितलंत का कधी? तिचं माहेर शुक्रवार पेठेतलं. तिच्या आजीने त्या हौदांचं पाणी भरलेलं. खरं सांगतो, मी पाण्यातला माणूस असून कात्रजची लाइन नीट बघितलीच नव्हती. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या आसपास, कात्रजला तलाव बांधून तिथून दगडी बांधकामाच्या नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत पाणी आणलेलं, जमिनीखालून, ग्रॅव्हिटीने, मध्ये मध्ये हवा खेळायला उच्छ्वास काढलेले. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, यातली काही नावं आता फक्त चौकांना उरलीत. इटलीतल्या पाँपेई या जुन्या रोमन शहरात रस्त्याच्या कोपऱ्यांवर असे चाळीसेक सार्वजनिक दगडी हौद होते, घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि त्यांच्या कठड्यांवर पाणी भरताना हात टेकून टेकून दगड झिजलेत. मी मुलाच्या गाडीतून, नंतर चालत, जमेल तेवढी कात्रजची लाइन शोधत फिरलो. मला ती दिसली ती रोममुळे दिसली. परक्यांच्या घरात डोकावून परत आलो तेव्हा आपलं घर नीट दिसलं, हे दुसरं उत्तर.

आणि तिसरं उत्तर म्हणजे हे परके मुळात परके होते का तेच बघा. इथेच मी जुन्नरवर येतो.

आपण यवन शब्द बखरीतून, पोवाड्यातून ऐकलेला, तिथे त्याचा अर्थ मुसलमान. पण मूळ शब्द ग्रीकांसाठीचा. आयोनिया नावाच्या भागातल्या ग्रीकांना इराणी लोक यौन म्हणायचे, तिथून योन, यवन. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात अंतियोक योनराजा आहे, तो सिरियाकडचा ग्रीक राजा अँटिओकस. विदिशाजवळ बेसनगरला गरुडस्तंभ उभा करणारा हेलिओडोरस तक्षशिलेहून आलेला ग्रीक वकील, स्वतःला भागवत म्हणवून घेणारा. हे झालं लांबचं. आता जवळचं. लोणावळ्याच्या अलीकडे कार्ल्याला एकवीरा आईच्या दर्शनाला आपण सगळेच जातो, देवळाशेजारी तो मोठा चैत्य, आत रांगेने खांब. त्या खांबांवर ब्राह्मीत देणगीदारांची नावं कोरलीत, आणि त्यातले बरेच जण धेनुकाकट गावचे यवन आहेत. सिहधय, धम, यसवधन, नावं पार इथली झालेली आणि पुढे यवन. ते बॅक्ट्रियाकडून, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानाकडून, पिढ्यान्‌पिढ्या सरकत आलेले की समुद्रावरून व्यापाराला आलेले यावर अभ्यासकांत वाद आहे, पण खांब त्यांनी दिलाय हे दगडात लिहिलंय. त्याच कार्ल्याला दाराचं काम करणाऱ्या सुताराचंही नाव आहे, सामी, वेणुवासाचा मुलगा. फ्रंटिनसने सातशेतला एकही सांगितला नाही, इथे सुताराचा बाप कोण तेसुद्धा दगडात आहे.

जुन्नरला मी गेल्या डिसेंबरात गेलो. तिथल्या लेण्यांच्या लेखांची यादी आधी एका ग्रंथालयात बसून उतरवून घेतली होती. त्यात एक चिट नावाचा यवन आहे, त्याने भिक्षूंना भोजनमंडप दिला. आणि एक इरिल. त्याचा लेख इतका छोटा आहे की मी तो पाठ केलाय: यवनस इरिलस गतान देयधम बे पोढियो. गत नावाच्या लोकांपैकी यवन इरिल याचं दान, दोन पोढ्या.

पोढी म्हणजे कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं, हा शब्द आजही लेणी बघणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडात आहे. आपल्याकडे पाऊस चार महिने, उरलेले आठ महिने डोंगरावर पाणी कुठून आणायचं, म्हणून लेण्याच्या शेजारी कातळ उभा खोदून टाकं करायचं, वर डोंगराच्या अंगावर पन्हळी मारून पावसाचं पाणी त्यात वळवायचं. काळ्या बसाल्टमधून पाणी सहसा झिरपत नाही. नऊ लाइनी आणि सातशे माणसं नाहीत, एका ठिकाणची गरज तिथेच भागवलेली. मी एका पोढीच्या काठावर बसलो, आत डिसेंबरातही पाणी होतं, आणि मला माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत वाटलं नव्हतं असं काहीतरी वाटलं. कुठून तरी लांबून आलेल्या माणसाने किंवा त्याच्या आजा-पणजाने नाणेघाट चढून जुन्नर गाठलं असेल, इथे त्याने पैसा कमावला असेल, आणि परक्या मुलखात पुण्य करायचं ठरवलं तेव्हा त्याने मागे ठेवलं पाणी. एक नाही, दोन टाकी, आणि लिहून ठेवलं ते इथल्या भाषेत, इथल्या लिपीत.

त्याच काळाच्या आसपास इजिप्तकडच्या कुणा ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेली समुद्रप्रवासाची वही आहे, पेरिप्लस म्हणतात, तिच्यात कल्याण आहे, पैठण आहे, धाराशिवजवळचं तेर आहे. भडोचहून पैठण वीस दिवस, पैठणहून पूर्वेला तेर दहा दिवस, माल गाड्यांवरून येतो. प्लिनी नावाचा रोमन लेखक तक्रार करतो की हिंदुस्थान दर वर्षी आपल्याकडून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. हा प्लिनी व्हेसुव्हियसच्या उद्रेकात ७९ मध्ये गेला, त्याच उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेईत १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय बाई सापडली, आणि तशाच घडणीची बाहुली आपल्या तेरला सापडलीय. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन मिळाला, ब्राँझचा, तिथल्या टाउन हॉल म्युझियममध्ये जाऊन बघता येतो. आपण बोलताना दाम म्हणतो तो ग्रीक द्राख्मापासून, द्रम्म होत होत आला, पत्रिकेतलं केंद्र आणि होरा हे शब्दही तिकडचे. मग सांगा, कार्ल्याचा खांब आपला इतिहास की परक्यांचा?

आता मुद्द्याचं. हे सगळं मला इंग्रजीतून शिकावं लागलं. अमेरिकेतल्या मास्तरांचे उपकार मी जन्मभर मानीन, पण त्या कोर्सांत पेरिक्लीस आहे, रोमच्या पँथिऑन देवळाचा ४३ मीटरचा घुमट आहे, कार्लं नाही, जुन्नर नाही, असायचं कारणही नाही, त्यांचा तो विषय नाही. तो आपण सांगायचा आहे. पुण्यात डेक्कन कॉलेज आहे, त्यांच्याच सांकलिया सरांनी ब्रह्मपुरीचं उत्खनन केलं. १९१७ पासून भांडारकर संस्था आहे. फर्ग्युसनमध्ये ग्रीक पद्धतीचं म्हणावं तसं ॲम्फीथिएटर आहे. ब्राह्मी वाचणारी माणसं या शहरात आहेत, ग्रीक-लॅटिन येणारीही असतील. मग अर्ध्या अर्ध्या तासाची वीस लेक्चरं, सोप्या मराठीत, फुकट, कुणालाही मोबाईलवर बघता येतील अशी, एवढं का होऊ नये? आणि सुरुवात अथेन्सपासून नको, जुन्नरच्या त्या दोन पोढ्यांपासून करा, इरिल कोण होता, तो आला कुठून, तिकडे माणसं कशी राहायची, असं विचारत विचारत अथेन्स आणि रोमला न्या. तालुक्याच्या शाळेतला मुलगा तसा येईल, पेरिक्लीसपासून सुरू केलं तर नाही येणार, मीही आलो नसतो.

हे बोलायला मी एका संस्थेत गेलो होतो. तिथे मला विचारलं गेलं की काका, या वयात तुम्हाला याचा उपयोग काय. मला सर्टिफिकेट नको होतं, पगारवाढ नको होती, मला फक्त इतर कुणाला साडेतीन तासांऐवजी अर्ध्या तासात हे समजावं एवढंच सांगायचं होतं. तसं बोलून दाखवता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. तोवर निदान जे फुकट कोर्स आहेत त्यांना मराठी सबटायटल लावायचं काम तरी कॉलेजची मुलं करू शकतील, एकेका मुलाने एकेक लेक्चर घेतलं तरी वर्षभरात होईल. आणि आपल्या पेपरने रविवारच्या पुरवणीत अर्धा कॉलम द्यावा, दर आठवड्याला एक शिलालेख, एक नाणं, एक हौद.

माझ्या अकरा वह्या मी झेरॉक्स करून ठेवल्यात. ज्या शिक्षकांना असा मराठी कोर्स करायचा असेल त्यांना देईन, पत्ता आपल्या ऑफिसात देऊन ठेवतो. पाण्याच्या दोन लेक्चरांना बोलावलंत तर येईन, पण वर्गात नको, कात्रजच्या तलावापासून चालत सुरुवात करू, उरलेले उच्छ्वास कुठे कुठे आहेत ते आता मला माहीत आहे.

आपला नियमित वाचक,
पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त एक इंजिनिअर,
सिंहगड रोड, पुणे